बेड रिकामा झाला की कळवा

एका जागी अकरा वर्षं बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. पंख्याच्या पात्यांवर धूळ बसते तसे ते आपोआप साठतात. रोज वर बघायला फुरसत नसते, आणि एक दिवस नजर जाते तेव्हा वाटतं, बापरे, एवढं साठलं?

परळला एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आमचं रुग्णसाहित्य केंद्र आहे. दोन खोल्या, एक बाक, एक लँडलाइन. आजारी माणसाला घरी लागणाऱ्या वस्तू आम्ही वापरायला देतो. वॉकर, कमोडची खुर्ची, व्हीलचेअर, डोक्याकडून वर-खाली होणारा इस्पितळासारखा बेड. गरज संपली की परत आणून द्यायच्या. आता गरज दोनच प्रकारे संपते, आणि त्यातला एक प्रकार फार जास्त वेळा होतो. लोक फोनवर म्हणतात, "बेड रिकामा झाला की कळवा." आपण काय मागतोय हे त्यांच्या लक्षात येत नाही. आम्ही नुसतं "हो" म्हणतो.

आम्ही तिघं आहोत. कर्णिक सर, दादरच्या शाळेत चाळीस वर्षं भूमिती शिकवून रिटायर झालेले, केंद्राचे सर्वेसर्वा. परब, एका इस्पितळाच्या मेंटेनन्स खात्यातून निवृत्त, लालबागचे, चाकापासून स्क्रूपर्यंत सगळं त्यांच्याकडे. आणि मी. विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर तीस वर्षं काढली. आजारपण आणि मृत्यू यांचे कागद तिथे बघत होते, इथे माणसं बघते. दर शनिवारी वाटतं, सोमवारपासून येणं बंद करावं. अजून जमलेलं नाही.

*

परळच्याच एका टॉवरमधून फोन आला. सासरे वारले होते. त्यांचा बेड द्यायचा होता, मोटरवर चालणारा, जवळजवळ नवा. सूनबाई अगदी गोड बोलत होत्या. फक्त एक छोटीशी अट आहे म्हणाल्या. आमच्या घरात कधी अंडंसुद्धा आलेलं नाही, तर बेड शाकाहारी घरातच जावा. पप्पांच्या आत्म्याला बरं वाटेल.

कर्णिक सरांनी फोन घेतला आणि शांतपणे सांगितलं की आम्ही कुणाला काय जेवता हे विचारत नाही, तेव्हा तुम्ही दुसरीकडे दिलात तरी आमची हरकत नाही. दोन दिवसांनी त्यांचाच पुन्हा फोन. खोलीला रंग काढायचा होता, पेंटर येऊन उभा होता. अट आता अट राहिली नव्हती, नुसती इच्छा झाली होती. परबांनी टेम्पो नेला, गेटवर पास बनवला, सर्व्हिस लिफ्टमधून बेड खाली आणला.

बेड गेला शिवडीला. गोदीत आयुष्य काढलेले एक गृहस्थ, घशाचा कॅन्सर. घराच्या खिडकीत बोंबील वाळत घातलेले. परब परत आल्यावर एवढंच म्हणाले की वास चांगला येत होता.

महिन्याभराने सूनबाईंचा फोन. बेड कुठे गेला, आणि शाकाहारीच आहेत ना ते? मी रिसीव्हर सरांच्या हातात दिला आणि बघत राहिले, कारण सर खोटं बोलत नाहीत. मुलांना प्रमेयं शिकवून शिकवून त्यांना ती सवयच राहिलेली नाही. त्यांनी क्षणभर विचार केला.

"सध्या त्यांना नाकातल्या नळीतून दूध आणि भाताची पेज, एवढंच चालू आहे."

पलीकडे सूनबाईंना फार समाधान वाटलं. मग छान झालं, म्हणाल्या. सरांनी फोन ठेवला.

*

लालबागच्या एका चाळीत आमचा एक वॉकर चार वर्षं अडकून पडला होता. ज्या आजींच्या नावावर नेला त्या केव्हाच गेल्या, हे आम्हाला कानोकानी कळलं होतं. फोन केला की मुलगा म्हणायचा, आणतो, आणतो. शेवटी मी वैतागले. परबांना म्हटलं, तुम्ही त्याच भागातले, एकदा जाऊन घेऊनच या. लोकांना काही जबाबदारी म्हणून वाटत नाही, वगैरे बरंच काही मी त्या दिवशी बोलले.

परब सकाळी गेले ते दुपारी उगवले. रिकाम्या हाताने.

झालं होतं असं. आजी गेल्यावर वॉकर परत आणायला मुलगा निघाला, तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा पाय मोडला. ते बरे झाले तोवर खालच्या पानवाल्याच्या आईला वॉकर लागला. तिच्यानंतर आणखी एक, मग आणखी एक. परब गेले तेव्हा वॉकर सहाव्या माणसाकडे होता. चाळीच्या गणेशोत्सव मंडळाने तो आपल्या अखत्यारीत घेतला होता, कुणाकडून कुणाकडे जायचा ते मीटिंगमध्ये ठरत होतं. परबांना त्यांनी मंडळाच्या खोलीत बसवलं, चहा दिला आणि अगदी नम्रपणे सांगितलं की वॉकर मिळणार नाही. मात्र त्याच्या पायांचे रबर झिजलेत, आजोबा घसरतात, तेवढं काही होईल का?

मी परबांना विचारलं, मग तुम्ही काय केलंत?

"काय करतलंय? रबर बदलून इलंय."

*

भायखळ्याहून एक भाऊ-बहीण आले. आई वारली होती, तिच्या स्मरणार्थ त्यांना काहीतरी द्यायचं होतं. काय लागतं तुम्हाला, असं विचारलं. सरांनी खरं ते सांगितलं. कमोडच्या खुर्च्या कमी पडतात. दोघांचे चेहरे किंचित उतरले, पण दिलेला शब्द होता. आठवड्याने नवीन खुर्ची घेऊन आले. सोबत भावाची बायको होती, ती मागे बाकावर बसली.

मग प्रश्न आला नावाचा. 'कै. मातोश्री' आणि पुढे नाव, असं त्यांना रंगवून हवं होतं. कुठे रंगवायचं? भाऊ म्हणाला, पाठीवर. बहीण म्हणाली, म्हणजे लोक आईच्या नावाला पाठ टेकून बसणार, आणि तेही असल्या खुर्चीत? मग हातावर. हातावर पुसलं जाईल. मग सीटच्या खाली. खाली म्हटल्याबरोबर दोघं एकमेकांकडे बघायला लागले. परब ब्रश आणि रंगाचा डबा घेऊन ताटकळत उभे. भाऊ जरा चिडून म्हणाला की तुम्ही आधी व्हीलचेअर सांगितली असती तर हा प्रश्नच आला नसता. बहिणीचे डोळे भरून आले. आई किती स्वच्छतेची होती, सोवळं पाळायची, आणि तिचं नाव हे असं.

सरांनी सुचवलं की नाव वहीत लिहू, खुर्चीवर नको. तेही त्यांना पटेना. वही कोण बघतं?

पाऊण तास झाला. तेव्हा बाकावरची सून पहिल्यांदा बोलली. सासूचं सगळं तीन वर्षं तिने एकटीने केलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

"नावाचं तुमचं काय ते ठरवा. पण चाकांचे ब्रेक आधी नीट बसवून घ्या. आमच्या खुर्चीखाली माझा पाय दोनदा सापडलाय."

परबांनी रंगाचा डबा बंद केला आणि पाना आणला.

*

उरलेली औषधं आम्ही घेत नाही. हा नियम माझा आहे आणि त्याबद्दल मी कुणाचं ऐकत नाही. औषध कुठे ठेवलं होतं, कसं ठेवलं होतं, तारीख काय, कुणाला काय चालतं, हे आपण कोण ठरवणार? चुकून एखाद्याला अपाय झाला तर?

एक बाई आल्या होत्या. नवरा जाऊन दहा दिवस झाले होते. पिशवीत गोळ्यांची अख्खी, न फोडलेली पाकिटं. खूप महाग औषध. ते मिळवायला त्यांनी काय काय केलं होतं ते त्या सांगत होत्या. कुणाला तरी उपयोग होऊ दे, टाकवत नाही हो, म्हणाल्या. मी नियम सांगितला. नीट, समजावून सांगितला. त्या ऐकून घेत होत्या, मान हलवत होत्या.

बाकावर दुसरी एक बाई बसली होती. सोलापूरकडची, नवऱ्याला इथल्या मोठ्या इस्पितळात दाखवायला आणलेलं, व्हीलचेअरसाठी थांबली होती. पहिल्या बाई उठून बाहेर गेल्या, तशी तीही उठली. माझ्या टेबलाला लागून खिडकी आहे. खिडकीतून मला त्या दोघी समोरच्या पिंपळाखाली उभ्या दिसल्या. एकीने पाकीट काढलं, दुसरीने पदराखालून प्रिस्क्रिप्शन काढलं, दोघी अक्षर जुळवून बघायला लागल्या. मी सरांकडे बघितलं. सरांनी खिडकीतून एकदा बाहेर बघितलं आणि चष्मा काढून पुसायला घेतला. तो दोनदा पुसला.

मी बाहेर गेले. सोलापूरच्या बाईला म्हटलं, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एकही गोळी द्यायची नाही. तिने शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी येऊन सांगूनही गेली, डॉक्टरांनी बघितलं, तेच औषध आहे, चालेल म्हणाले. मला बरं वाटायला हवं होतं. पण मी घरी जाऊन जेवले नाही. नियम मोडला की पाळला, तेच मला कळेना. आजही कळलेलं नाही.

काही महिन्यांनी तीच सोलापूरची बाई पुन्हा दारात. कुंकू नव्हतं. व्हीलचेअर परत आणली होती. हातात तशीच एक पिशवी. बाकावर तीन-चार माणसं बसली होती. तिने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मॅडम, तेवढी खिडकी लावून घेता का?"

*

हा अगदी छोटा आहे. एक दिवस एक तिशीतला माणूस कुबड्या परत घेऊन आला. कुबड्या काखेत धरून, स्वतःच्या पायांनी, रस्ता ओलांडून. आम्ही तिघंही हातातलं काम टाकून त्याच्याकडे बघत बसलो. तो गोंधळला. काही चुकलं का, म्हणाला. सरांनी त्याला बसवलं, परबांनी चहा सांगितला, मी घरून आणलेला डबा उघडून त्याच्यापुढे ठेवला. त्याला काही उमगेना. निघताना तो दारापर्यंत गेला तेव्हा परबांनी हाक मारली.

"जरा परत एकदा चालून दाखवा."

*

दादरला एका हॉलमध्ये परिसंवाद होता. विषय होता दान आणि रुग्णसेवा, सगळ्या धर्मांच्या नजरेतून. व्यासपीठावर चार जण होते. एक कीर्तनकार बुवा, एक मौलाना, एक फादर आणि एक भन्ते. पाचवे आमचे कर्णिक सर, कारण आयोजकांना प्रत्यक्ष काम करणारं कुणीतरी हवं होतं.

चौघंही सुंदर बोलले. मी टिंगल करत नाही, खरंच सुंदर बोलले. बुवा म्हणाले की आपल्याकडे जे आहे ते आपलं नाही, आपण नुसते सांभाळणारे. मौलाना म्हणाले की गरजू माणसाचा त्यात हक्कच आहे, आपण उपकार करत नाही. फादर म्हणाले, आजारी माणसाच्या उशाशी बसणं हीच प्रार्थना. भन्ते म्हणाले, देताना मन मोकळं झालं नाही तर हात मोकळा करून उपयोग नाही. प्रत्येक जण आधीच्याच्या बोलण्याला दुजोरा देत होता. सूत्रसंचालकाची पंचाईत झाली, कारण त्याने वादासाठी प्रश्न काढून आणले होते.

सरांची पाळी शेवटी. ते म्हणाले, मला या विषयातलं फार कळत नाही. उद्या सकाळी आठ वाजता गिरगावात एका इमारतीत चौथ्या मजल्यावर बेड चढवायचाय. लिफ्ट नाही. आमचे परब एकटे आहेत, हमाल मिळालेला नाही. कुणी येऊ शकेल का? आणि खाली बसले. हॉलमध्ये दोनशे माणसं असतील. टाळ्या चांगल्या पडल्या.

सकाळी आठला परब इमारतीखाली उभे होते, मी पत्ता दाखवायला गेले होते. त्या दोनशेतलं कुणी आलं नाही. आले ते मौलाना, फादर, भन्ते आणि पाच मिनिटं उशिराने धापा टाकत बुवा. सगळे साठीच्या आसपासचे. बेडचे चार कोपरे चौघांनी धरले. परब पुढे उलटे चालत वाट दाखवत होते. दोन मजले ठीक गेले. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर बेड अडकला. बुवा म्हणाले आधी डोक्याची बाजू वर घ्या, मौलाना म्हणाले पायाची. फादरना तो आडवा करायचा होता, आणि भन्त्यांचं मत होतं की खाली नेऊन पुन्हा सुरुवात करावी. दहा मिनिटं चौघं त्या जिन्यात अडकून, घामाघूम होऊन वाद घालत होते. शेजारीपाजारी दारं उघडून बघायला लागले.

आदल्या संध्याकाळी त्या बिचाऱ्या सूत्रसंचालकाला जे मिळालं नाही ते सगळं तिथे होतं. शेवटी परबांनी बेडचे पाय सोडवले आणि बेड गेला.

दुसऱ्या आठवड्यात फादरचा फोन आला. कमरेचा पट्टा मिळेल का?

*

गिरगावातल्या एक काकू. नव्वदीच्या जवळपास, मूलबाळ नाही, पुतण्या आणि त्याची बायको सांभाळायचे. पाठ टेकायला लागणारं बॅकरेस्ट आमच्याकडून गेलं होतं, तेव्हा ओळख झाली. मी अधूनमधून जायची. त्यांनी नेत्रदानाचा फॉर्म भरला होता आणि तो उशाखाली ठेवला होता, कुणी लपवू नये म्हणून.

पुतण्याला ते मान्य नव्हतं. माणूस चांगला, देवधर्म करणारा, बँकेत नोकरीला. त्याच्या मनातली भीती खरी होती. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की जे अवयव आपण इथेच देऊन जातो ते पुढच्या जन्मी मिळत नाहीत. एका दुपारी माझ्यासमोरच तो काकूंच्या विनवण्या करायला लागला. काकू, सगळं द्या, घर द्या, दागिने द्या, पण डोळे नको. पुढच्या जन्मी आंधळ्या जन्माला आलात तर मी कुठे असणार तुमचा हात धरायला?

काकूंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. त्यांचा दीर, म्हणजे या पुतण्याचे वडील, तरुणपणी गेलेले. नवरा गेलेला. दोन मुलं झाली ती दोन्ही पाळण्यात गेली. हे मला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं.

"अरे, ह्या डोळ्यांनी ह्या जन्मी जे बघितलं ना," काकू म्हणाल्या, "पुढच्या जन्मी नाही मिळाले तरी माझं काही अडणार नाही."

त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. मला वाटलं, राग धरला असेल.

मे महिन्यात, भर दुपारी काकू गेल्या. फोन पुतण्यानेच केला, आधी आयबँकेला आणि मग मला. मी पोचले तेव्हा खोलीत पंधरा-वीस नातेवाईक दाटीवाटीने उभे होते, सगळे घामाने निथळत होते. पंखा बंद. काकूंच्या पापण्यांवर ओल्या कापसाचे बोळे, डोक्याखाली दोन उशा. कुणीतरी वैतागून बटणाकडे हात नेला. पुतण्या बटणाला पाठ लावून उभा होता, तो तिथून हलला नाही.

"पंखा लावू नका. काकूचे डोळे सुकतील."

*

गेल्या वर्षी कर्णिक सर बाथरूममध्ये पडले. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आठवड्याने दादरला घरी आणलं. त्या वेळी आमचे सगळे बेड बाहेर होते. बेड मागणाऱ्यांची यादी असते, ज्याचं नाव आधी त्याला आधी. हा नियम सरांचा. त्यांनी इस्पितळातून मला फोन करून आपलं नाव यादीत शेवटी लिहायला सांगितलं. ते पाचवे होते.

घरी सर जमिनीवर गादी घालून पडले. कर्णिक वहिनी सत्तरीच्या, त्यांना स्वतःला पाठीचा त्रास. त्या मला रोज संध्याकाळी फोन करायच्या. बेडबद्दल एकदाही बोलल्या नाहीत. आज उठवताना दोघंही खाली बसलो, मग शेजारच्यांना हाक मारली, एवढंच सांगायच्या. बेड मागितला असता तर मला नाही म्हणता आलं असतं.

मंगळवारी सकाळी नऊला एक बेड परत आला. यादीत पहिलं नाव होतं चिंचपोकळीच्या पाटकरांचं. लिव्हरचा आजार, पोटात पाणी झालेलं. आडवं झालं की त्यांचा श्वास कोंडायचा, म्हणून ते रात्रंदिवस भिंतीला उशा लावून बसलेले असायचे. त्यांच्या बायकोने तीनदा फोन केला होता. मी यादी समोर घेऊन बसले. म्हटलं, आठ दिवस थांबलेत, आणखी एखादा दिवस थांबतील. उद्या-परवा दुसरा बेड येईलच. ज्या माणसाने हे सगळं उभं केलं त्याला जमिनीवर ठेवायचं?

परबांना म्हटलं, दादरला न्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, यादीकडे बघितलं आणि बेड टेम्पोत चढवला.

पुढचं मला परबांकडून कळलं. बेड उतरवायच्या आधी सरांनी त्यांना वर बोलावलं आणि एकच विचारलं, माझ्या आधीच्या चौघांना मिळाले का? परबांनी नाही म्हणून मान हलवली. वहिनी रडायला लागल्या. त्या सरांवर आयुष्यात पहिल्यांदा ओरडल्या म्हणे. सरांनी तासभर त्यांची समजूत घातली, पण बेड वर घेऊ दिला नाही. मग त्यांनी मला फोन केला. आवाज नेहमीसारखाच होता.

"मीनाताई, चिंचपोकळीला तुम्ही स्वतः घेऊन जा."

मी निघाले. टेम्पो दादरहून ट्रॅफिकमधून येईपर्यंत बारा वाजून गेले होते. पाटकरांच्या चाळीच्या तोंडाशी मी टेम्पोत परबांशेजारी बसले. आत वळलो तर गल्लीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, माणसं बसलेली, दाराबाहेर चपलांचा ढीग. पाटकर साडेदहाला गेले होते.

टेम्पोचा आवाज ऐकून त्यांची बायको बाहेर आली. पन्नाशीची बाई. तिने टेम्पोतला बेड बघितला. मी खाली उतरले. परब माझ्या मागे हात जोडून उभे राहिले. मला काहीही सांगता आलं असतं. ट्रॅफिक होता, बेड आत्ताच आला, काहीही. मी तिला सगळं सांगितलं. बेड नऊला आला, पहिलं नाव तुमचं होतं, मी तो आमच्या सरांकडे पाठवला, त्यांनी परत पाठवला.

ती ऐकत होती. मनात हिशेब करत असावी. परळहून तिथे यायला पंधरा मिनिटं लागतात.

"म्हणजे तासभर टेकता आलं असतं त्यांना," ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

ती बेडकडे बघत होती. आतून कुणीतरी तिला हाक मारली, तिचं लक्ष नव्हतं. मग तिने विचारलं, आता पुढचं नाव कुणाचं आहे? मी सांगितलं, लालबागच्या एक आजी आहेत.

तिने मागे वळून खुर्च्यांवर बसलेल्या माणसांना उठायला सांगितलं. टेम्पो वळवायचाय, म्हणाली, त्यांना उशीर होतोय. माणसं उठली, खुर्च्या भिंतीकडे सरकवायला लागली. एक खुर्ची मध्येच राहिली होती. ती तिने स्वतः उचलली.